दादाची कयाक आणि माझा नकार

दादा,

रविवारी तुझ्या पुण्यानुमोदनाला मला बोलायला उभं केलं आणि मी "नमो बुद्धाय, जयभीम" एवढंच म्हणून खाली बसले. लोकांना वाटलं, बहिणीचा कंठ दाटून आला. कुणीतरी पाण्याचा ग्लास पुढं केला, भंतेजींनी मान हलवली. पण मला जे बोलायचं होतं ते मांडवात शंभर माणसांसमोर बोलण्यासारखं नव्हतं. शिवाय समोर तुझा फ्लेक्स लावलेला आणि माझं लक्ष सारखं तिकडंच जात होतं.

तो फ्लेक्स तू पाहिला असतास तर तरुण मंडळाची धडगत नव्हती. पोरांनी हौसेनं कामशेतहून करून आणला होता. तुझा रेल्वेतल्या निरोपसमारंभाचा फोटो, खाली 'बोटिंगप्रेमी', आणि पाठीमागं छपाईवाल्यानं कुठून तरी काढून चिकटवलेली नारिंगी प्लॅस्टिकची बोट. वरून सताड उघडी, त्यात दोन माणसं दात काढून बसलेली. ज्या बोटीला तू आयुष्याची शेवटची सहा वर्षं परात म्हणालास, तिच्यासमोरच तुला हार घातला. एक जण म्हणाला दादा होडी लई भारी चालवायचा, दुसरा म्हणाला नाव चालवायचा. उठून सांगायला पाहिजे होतं की अरे बाबांनो, कयाक. मला तेवढंही जमलं नाही.

रेल्वेतून फिटर म्हणून रिटायर झालास आणि घरात बसून वहिनीच्या प्रत्येक कामात खोड्या काढायला लागलास. तिनंच तुला पिटाळलं पवनेच्या काठच्या त्या कॅम्पवर, प्लॅस्टिकच्या बोटी दुरुस्त करायला. मालकानं पाटी लावली होती, 'कयाकिंग'. तू फोनवर बर्फाच्या मुलखातल्या शिकाऱ्यांचे व्हिडिओ बघत बसलास आणि महिन्याभरात त्याच पाटीखाली उभा राहून पाहुण्यांना सांगू लागलास की ही कयाक न्हाई.

"ही परात हाय. हिच्यावर बसत्यात. कयाकमंदी शिरत्यात."

मालक वैतागला. "भाऊ, लोकांना फोटो काढायचाय. परातीत निघाला काय आन् ताटात निघाला काय!" तरी त्यानं तुला काढलं नाही, कारण तुझ्यासारखं प्लॅस्टिक सांधणारं दुसरं कुणी त्याला मिळालं नसतं.

दवाखान्यात रविवारची ड्युटी नसली की मी लोणावळ्याहून भाज्याला तुझ्या घरी यायचे आणि चहाच्या आधीच आपलं सुरू व्हायचं. मी मुद्दाम उलटतपासणी घ्यायचे. तू म्हणालास, दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं असलं की कयाक. मी म्हटलं, मग वहिनीच्या काथवटीत बसून तसलं वल्हं मारलं तर? पुढच्या रविवारी तू नवीन उत्तर घेऊन तयार. तोंड पुढं, बूड तळाशी टेकलेलं, पाय समोर लांब. मी म्हटलं, तुझ्या परातीतही लोक पाय लांबच करतात. मग म्हणालास, वरून बंद पाहिजे, कमरेपुरतंच भोक, आणि त्या भोकालाही झगा. रबराचा झगा कमरेला बांधायचा, त्याची कड भोकाच्या काठावर बसवायची, की पाण्याचा थेंब आत जात नाही. मी म्हटलं, हे सगळं सामान झालं. एका वाक्यात सांग.

तू चहाची बशी खाली ठेवलीस. मग म्हणालास, "उलटली तरी जी माणसाला टाकून देत न्हाई. माणसासंगट उलटती आन् माणसासंगट सुलटती. ती कयाक."

"म्हणजे पिंजरा."

"पिंजऱ्याचं कुलूप भायेर असतं, सुमे. हिचं आपल्या हातात."

यावर आपलं कधीच पटलं नाही. तुझं म्हणणं तिनं धरून ठेवलंय, माझं म्हणणं तिनं अडकवलंय. आजही मला माझंच खरं वाटतं, आणि ते ऐकून खवळायला तू नाहीस.

तुझी स्वतःची कयाक तू तुझ्याच अंगाच्या मापानं बांधलीस. अंगणात हात पसरून उभा राहिलास आणि मला खडूनं खुणा करायला लावल्यास. तीन वाव लांबी. रुंदी तुझ्या कमरेएवढी आणि दोन मुठी. उंची एक मूठ आणि वर उभा अंगठा. वहिनी दारातून म्हणाली, "शिंप्याकडं जावा की, कापड तरी बरं घालील." ओला बांबू आगीवर शेकून वाकवायचास, सुतळीनं बांधायचास, एक खिळा नाही. आणि सांगाड्यावरचं कातडं म्हणून पहिल्या खेपेला चढवलास कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा जुना फ्लेक्स! बोट पाण्याबाहेर ओढून पालथी घातली की बुडाला साहेब हात जोडून हसतायत. त्यांची माणसं जाब विचारायला आली तेव्हा तू त्यांना चहा पाजलास आणि म्हणालास, "साहेबांच्या पुण्याईनंच तर तरंगती." पण फ्लेक्स टाक्यांतून गळायला लागला. मग जाड कॅनव्हास आणला, त्यावर रंगाचे हात दिलेस. ती ही कयाक, आता पडवीत दोरांना टांगलेली.

हे सगळं लिहायला बरं वाटतंय. म्हणून मी इथंच रेंगाळतेय, हे तुला कळलं असेल.

कयाक झाली त्या वर्षी दिवाळीनंतर तू मला तीत बसवलंस. धरण भरलेलं होतं. तू छातीभर पाण्यात माझ्या शेजारी उभा होतास. माझी कंबर त्या भोकात बरोब्बर बसली. आपल्या दोघांची बांधणी आईची, तू हसून म्हणालास. दोनदा बजावलंस, "झग्याचा फुडचा पट्टा भायेर ठेव. उलटलीस तर वाकायचं, पट्टा वढायचा, की मोकळी." मी व्हय म्हटलं आणि झग्याची कड काठावर बसवत गेले. मग दहा हातही गेले नसेन, कुणाच्या तरी मोटारबोटीची लाट आली आणि मी पालथी झाले.

वर पाणी हिरवं होतं, खाली काळं, आणि वर कुठं खाली कुठं हे एका क्षणात पुसलं गेलं. पाय हलेनात. मी पुढं वाकून पट्टा चाचपला. पट्टा नव्हता. हाताला नुसती गुळगुळीत कड लागत होती आणि मी तिच्यावर नखं मारत होते. मग तू बोट पकडून मला बोटीसकट सुलटी केलीस. किती वेळ गेला यावर आपण पुढं वर्षभर भांडलो. तू सहा सेकंद म्हणायचास. मी म्हणायचे, तू आत नव्हतास.

काठावर खोकून झाल्यावर मी तुला थोबाडीत मारली. छप्पन वर्षांची बहीण साठी उलटलेल्या भावाला कॅम्पच्या पाहुण्यांदेखत. तू गाल चोळला नाहीस की काही नाही. "माझीच चूक," म्हणालास. "पट्टा मी बगायला पायजेल व्हता." त्यानंतर तू त्या पट्ट्याला लाल चिंधी शिवलीस आणि जो भेटेल त्याला सांगायचास, "माझ्या हलगर्जीपणानं बहीण बुडता बुडता ऱ्हायली."

दादा, पट्टा मी आत खोचला होता.

तू बजावल्यावर पाच मिनिटांच्या आत. तो पट्टा लोंबत होता, गबाळा दिसत होता, आणि तीस वर्षं वॉर्डात चादरी घातलेले माझे हात आपोआप चालले. ट्रेनिंगला असताना मेट्रन चादरीचं टोक लोंबताना दिसलं की अख्खा बेड उलगडून परत घालायला लावायच्या. तेव्हापासून लोंबतं काही दिसलं की मी आत खोचते, उशीची खोळ असो, परकराची नाडी असो. काठावर बसून खोकत असतानाच मला ते आठवलं होतं. पण तू आधीच स्वतःला दोषी म्हणून मोकळा झाला होतास, आणि मला ते सोयीचं वाटलं. आज सांगू, उद्या सांगू करत राहून गेलं.

भीती मात्र खरी बसली. तेव्हापासून मी दवाखान्यात लिफ्टनं जात नाही, तिसऱ्या मजल्यापर्यंत जिना चढते. स्वेटर डोक्यावरून काढताना श्वास कोंडतो, म्हणून पुढं बटणांचेच घेते. संडासाचं दार कडी न लावता लोटून घेते आणि आतून मोठ्यानं खोकत बसते. तू यावर माझी भरपूर टर उडवलीस. पण पुन्हा एकदाही मला पाण्यावर बोलावलं नाहीस.

मग तू पडवीचे पत्रे बदलायला चढलास आणि ओट्यावर पडलास. कमरेखालचं सगळं गेलं. पुण्याच्या डॉक्टरांनी जे सांगायचं ते नीट समजावून सांगितलं आणि आम्ही तुला घरी आणलं. खिडकीशी लोखंडी कॉट टाकली. खिडकीतून लोहगड दिसतो. लोहगडाच्या पलीकडं पवनेचं पाणी, अलीकडं तू. मी बदलून सकाळची ड्युटी घेतली, रोज दुपारच्या गाडीनं मळवलीला उतरायचे. वहिनीला शिकवलं, दर दोन तासांनी कूस बदलायची, टाचांखाली उशी, चादरीला सुरकुती नको.

पहिले काही महिने तू आम्हाला हसवलंस. "सुमे, मी आता कायमचा कयाकमंदी. कमरेखालचं समदं आत बंद." आपण दोघं हसलो, वहिनी उठून आत गेली. शनिवार-रविवार लेण्यांकडं जाणाऱ्या गाड्या दाराशी अडकून हॉर्न वाजवायला लागल्या की तू कॉटवरून ओरडायचास, "आरं, मीबी हितंच अडाकलोय, मी वाजिवतो का?" हात मात्र तुझे तसेच होते, खांद्यांत जोर होता. वल्हं तू कॉटखाली ठेवून घेतलं होतंस आणि दुपारी ते हवेत मारायचास.

थंडी सरली आणि तू मला ते विचारलंस. सगळं ठरवून ठेवलं होतंस. कॅम्पवरची दोन माणसं तुला उचलून नेणार. बुडाखाली जुन्या रजईची घडी, म्हणजे जखम होणार नाही. अंगात जॅकेट. कमरेएवढंच पाणी, काठाकाठानं, दहा मिनिटं.

"पाय कुणाला लागत्यात? पाय तर आत झोपल्यालेच असत्यात. पाण्यावर मला बगून कुनी म्हणणार न्हाई ह्यो पांगळा हाय." आणि मग म्हणालास, "तू फकस्त शेजारी हुबी ऱ्हा. दुसरं कुणी नगं. तू नर्स हायेस."

मी पाण्यात उभी राहायचं. तू उलटलास तर मी तुला फिरवायचं. मी म्हटलं, आमच्या दवाखान्यातले डॉक्टर तुला बघतात, त्यांना विचारते.

दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं, "डॉक्टर नको म्हणाले. पाठीला जखम होईल म्हणाले."

मी डॉक्टरांना विचारलंच नव्हतं. ते माझ्या समोरून दोनदा गेले, एकदा तर माझ्याशी थांबून पेशंटबद्दल बोलले, आणि मी विचारलं नाही. हो म्हणाले तर काय करू, ही मला धास्ती होती. खरं कारण सांगायची लाज वाटली म्हणून मी माझ्या पांढऱ्या कपड्यांच्या आड लपले. पेशंटच्या नातेवाइकांना अशी थाप कुणा नर्सनं मारली असती तर मी तिला वॉर्डात उभं केलं नसतं.

तू माझ्याकडं बघितलंस, बराच वेळ. मग म्हणालास, "बरं. मला भिंतीकडं वळव."

मी तुला वळवलं. गुडघ्यांमध्ये उशी दिली, पाठीला टेकू दिला, चादरीची चारी टोकं खोचली. तू पुन्हा कधी त्याचं नाव काढलं नाहीस. काही दिवसांनी वल्हं वहिनीला पडवीत ठेवायला सांगितलंस. मी मनात म्हटलं, सुटले. असं मी म्हटलं, दादा, अगदी याच शब्दात.

मग मूत्रपिंडाचा जंतुसंसर्ग, ताप, दवाखाना, घर, पुन्हा दवाखाना. गावात भाताची लावणी उरकली आणि तू गेलास. शेवटच्या दिवशीही मी तुझी कूस बदलली होती.

परवा कॅम्पचा मालक आला होता. भला माणूस आहे, तुझ्या फोटोपुढं बसून रडला. म्हणाला, भाऊंची कयाक द्या, जेवणाच्या हॉलमध्ये वर टांगतो, खाली भाऊंचं नाव लिहितो. कयाकच लिहीन, होडी लिहिणार नाही, म्हणाला. वहिनीनं त्याला माझ्याकडं पाठवलं, "वन्संना इचारा." मी नंतर सांगते म्हटलं. तो गेल्यावर मी पडवीत जाऊन वहिनीसमोर बसले. ती भिजवलेले वाल सोलत होती. डोक्यावर ती कयाक. मला वाटलं, आता नाही सांगितलं तर हे माझ्याबरोबरच जाईल, आणि मी सांगून टाकलं.

"वहिनी, मी डॉक्टरांना विचारलं नव्हतं."

तिचे हात थांबले नाहीत. "ठावं हाय मला."

"काय ठाऊक आहे?"

"ह्यांनी त्याच दिशी डागदरास्नी फोन लावलाता. तुमी गाडीला गेल्यावं. डागदर म्हनले, उशी घ्या, धा मिंटं बसा, धराया कुनीतरी असू द्या."

"मग गेला का नाही तो?"

"मी म्हनलं की. चला म्हनलं, मी हुबी ऱ्हाते पान्यात, मला काय भ्या न्हाई. तर म्हनले, नगं. आपुन गेलो तर सुमीचं खोटं उघडं पडंल." तिनं एक वाल सोलला, टोपल्यात टाकला. "म्हनले, तिला पान्याचं भ्या माझ्यामुळं बसलंय. पट्टा मी बगितला न्हाई म्हनून. आता आनिक तिला लाजवायचं न्हाई."

मी तिला पट्ट्याचंही सांगितलं. वाल संपेपर्यंत ती सोलत राहिली. मग तिनं टरफलं गोळा केली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "त्यांना सांगाया पायजेल व्हतं तुमी."

हेच, दादा. एवढंच मांडवात बोलता आलं नाही.

मालकाला मी अजून उत्तर दिलेलं नाही. कयाक तुझ्या मापाची, तशी माझ्याही मापाची. लोक काहीही म्हणोत, मी तीत बसणार नाही. मला जमणार नाही आणि आता तुझ्यासाठी म्हणून ते करायला मला तोंडही नाही.

पण तुझ्यावर मला एक राग आहे आणि तो लिहिल्याशिवाय हे पूर्ण होणार नाही. त्या दिवसानंतर पाच महिने मी रोज यायचे. रोज तुला वळवायचे. तू रोज विचारायचास, सुमे, चा घेतला का, गाडीला गर्दी व्हती का. तुला सगळं माहीत होतं आणि तू माझ्याकडून चादरी खोचून घेत राहिलास. माझी अब्रू राखलीस. कुणी सांगितली होती राखायला? दहा मिनिटं मागितली होतीस ना तू? मग भांडायचंस. खोटारडी म्हणायचंस. मी रडले असते, तुला दोन शिव्या दिल्या असत्या, पट्ट्याचं ओकून टाकलं असतं, आणि आले असते, दादा. थरथरत आले असते, पण आले असते पाण्यात.